सुभेदारांचा लेप

ते कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की त्याचा उजवा हात हातात घेत, त्याचा अंगठा त्याच्याच मुठीत कोंडत आणि मूठ धरून मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवत. माणूस ओरडला तर तो पेशंट. नाही ओरडला तर पाहुणा, मग त्याला चहा मिळे. तासगावात त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घ्यायला मी गेलो तेव्हा माझेही असेच स्वागत झाले. मी ओरडलो नाही. "दोरी चांगली हाय," ते म्हणाले. "ऱ्हावा." मी कुठला, काय करतो, हे त्यांनी नंतर विचारले.

दोरी म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा. त्याला मराठीत कंडरा म्हणतात हे मी शब्दकोशात पाहून ठेवले होते आणि एकदा त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. "असंल," ते म्हणाले. "पर दुखती ती दोरीच."

गल्ली त्यांना सुभेदार म्हणे. ते सुभेदार नव्हते. फौजेच्या दवाखान्यात मलमपट्टी करत करत ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची बढती गल्लीने दिली आणि त्यांनी ती नाकारली नाही. मला ते मास्तर म्हणत. मी मास्तर नव्हतो, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होतो. नसलेल्या हुद्द्यांच्या बाबतीत आमची बरोबरी होती, आणि बहुधा म्हणूनच आमचे जमले.

गेल्या महिन्यात ते वारले. साताऱ्यात माझ्या फोनवर गल्लीतल्या कुणीतरी त्यांचा फौजेच्या टोपीतला फोटो पाठवला. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि जोडलेल्या हातांची रांग. एवढे हात एका जागी पाहून त्यांनी प्रत्येकाचा अंगठा वाकवून पाहिला असता, असे मनात आले. तेव्हापासून हे लिहितो आहे. दिवसाला चार ओळी होतात.

तासगावला द्राक्षे होतात हे सर्वांना माहीत असते. ती कुणाच्या तरी अंगठ्यातून होतात हे मला तिथे राहायला गेल्यावर कळले. घडातले मणी बाजरीएवढे झाले की विरळणी सुरू होते. प्रत्येक घडातले दाटीचे मणी बारीक कात्रीने एकेक कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. हे काम बायकांचे. दिवसभर मान वर, हात वर आणि अंगठ्याची उघडझाप. पंधरा दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी सूज येते आणि मनगट हलवले की आत नव्या चपलेसारखे करकरते. सुभेदार मनगटाला कान लावून ते ऐकत. फौजेत त्यांनी पुष्कळ गोष्टी ऐकल्या असतील, पण हा आवाज ऐकताना त्यांचा चेहरा जितका गंभीर होई तितका रेडिओवर युद्धाच्या बातम्या ऐकतानाही होत नसे.

औषध ठरलेले होते. मिठाच्या पुरचुंडीने शेक. मग निर्गुडीचा पाला उकडून त्यात आंबेहळद, तुरटी आणि एरंडेल घालून पाट्यावर वाटलेला लेप. वर एरंडाचे पान, अंगठ्याला बांबूची कामटी, आणि त्यावर फौजी शिस्तीत गुंडाळलेली पट्टी. यात विशेष काही नव्हते, असले लेप त्या भागात दर चौथ्या घरात लावतात. विशेष होते ते पथ्य. एकवीस दिवस हात पाण्यात घालायचा नाही. पिठात घालायचा नाही. केरसुणी, कात्री, बादली, लहान मूल, काही उचलायचे नाही.

"आन् उचललं तर?" सोबत आलेली सासू विचारी. पेशंट सून असेल तर सासूने सोबत यायचेच, असा त्यांचा नियम होता.

"तर लेप उलटतो."

"उलटतो म्हंजी?"

सुभेदार नुसते तिच्याकडे बघत आणि मान हलवत. लेप उलटतो म्हणजे काय होते हे त्यांनी कधीच, कुणालाच सांगितले नाही. त्यामुळे प्रत्येक सासूने आपापल्या परीने त्याची कल्पना केली आणि त्या कल्पना फार भयंकर असाव्यात, कारण एकवीस दिवस सुनेला कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे.

लेप पाट्यावरच वाटला पाहिजे, हा दुसरा नियम. "मिक्सरात औषध तापतं. गुण उडून जातो." सकाळी पडवीत बाकावर पेशंट बसलेले असत आणि आत पाट्याचा आवाज चाललेला असे. तो आवाज ऐकूनच निम्म्यांना बरे वाटू लागे. वाटायचे काम त्यांच्या सुनेकडे होते.

एकदा एका बागायतदाराने घोटाळा केला. छाटणी झाली की वेलीच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याची निळी पेस्ट लावतात. सुभेदारांच्या बागेसाठी आणलेला तिचा डबा आणि लेपाचा डबा पडवीत शेजारी शेजारी होते. हा गृहस्थ चांगला आडदांड, एके काळी तालमीत जाणारा. त्याने घाईत भलताच डबा उचलला आणि घरी जाऊन मनगटाला वेलीचे औषध फासले. दुसऱ्या दिवशी हात निळा झाला आणि खाजू लागला. धुतला तरी निळा तो निळाच. त्याच्या बायकोने रडून गोंधळ घातला, हाताला फडके बांधले आणि त्याला पंधरा दिवस खाटेवरून उठू दिले नाही. सोळाव्या दिवशी मनगट ठणठणीत.

मग लोक येऊन म्हणू लागले, "सुभेदार, ते निळं द्या."

"आरं, ते वेलीला असतंय!"

"वेलीला गुण येतो, मग माणसाला का न्हाई?"

आठवडाभर ते चिडून होते. मग एक दिवस पडवीत कपड्यांना घालायच्या निळीची बाटली दिसली, आणि लेपाला फिकट आकाशी छटा आली. मी बाटलीकडे पाहिले. ते म्हणाले, "मास्तर, वर जावा. तुमची पुस्तकं वाट बघत असत्याल."

यामागचे शास्त्र मला पुढे माझ्याच हातामुळे कळले. ग्रंथालयात त्या वर्षी मोजदाद निघाली. महिनाभर पुस्तके काढ, शिक्का मार, पुन्हा ठेव. माझे मनगट धरले. मी बाकावर पेशंटांच्या रांगेत बसलो. माझी पाळी आल्यावर त्यांनी मनगटाला कान लावला आणि म्हणाले, "वाजतीया. रजा टाका, हात गप ठेवा. फुडचा या."

"आणि लेप?"

"तुमाला लेप कशाला?"

मला वाईट वाटले. निळ्या लेपाची मीही मनात थोडी थट्टा केली होती, पण नाकारला गेल्यावर तो हवासा वाटू लागला. सगळे गेल्यावर त्यांनी मला शेजारी बसवले.

"फौजेत जवानाचा हात दुखला तर डॉक्टर कागद देतो. त्यावर लिवलेलं असतं, याला काम न्हाई. येकदा कागद हातात आला की मोठा साहेबबी त्याला झाडू मार म्हनू शकत न्हाई. दोरी त्या कागदानं बरी व्हती मास्तर, मलमानं न्हवं. हितं सुनंला कागद कोन देनार? नवरा? सासू? म्हनून लेप. तुमी येकटं ऱ्हाता. तुमाला काम सांगणारं कोन हाय?"

"म्हणजे लेपात काही नाही?"

"थंड वाटतं की," ते म्हणाले. "हळदीचा वास चांगला असतो."

सून मेढ्याकडची होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले. नवरा फौजेत, कायम लांब. तिला वाचायची आवड होती, आणि माझ्या नावावर मी तिला पुस्तके आणून देत असे. दुपारी कामातून घटकाभर सुटका झाली की ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाची. एका दुपारी मी वर जाताना पाहिले, ती पान करंगळीने उलटत होती. अंगठा ताठ, बाजूला धरलेला. आयुष्यभर मी लोकांना पाने उलटताना पाहिले आहे, करंगळीने कुणी उलटत नाही.

"हात दुखतोय?"

"दुखतोय की."

"किती दिवस?"

"दिवाळीपासनं." मग घाईने म्हणाली, "मामंजींना सांगू नका हं."

"का?"

"कळलं तर लेप लावतील. मग वाटायचा कुणी?"

ती हसली. मीही हसलो, आणि ते आठवले की अजून बरे वाटत नाही. तिने मग हळूहळू सगळे सांगितले. बहिणीकडे जाते म्हणून ती सांगलीला डॉक्टरांना दाखवून आली होती. सहा आठवडे हात पूर्ण बंद ठेवा, असे ते म्हणाले होते. नाही ठेवला तर इंजेक्शन, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि आणखी ताणले तर अंगठ्याची पकड परत येईलच असे नाही. सकाळी पाटा, दिवसभर विरळणीची कात्री, संध्याकाळी भाकऱ्या. सहा आठवडे कुठून आणणार? दोन दिवसांपूर्वी चहाचे पातेले हातातून सुटले होते.

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांना सांगितले. ते पट्ट्या गुंडाळत होते. हात थांबले.

"कुठला हात?"

"उजवा."

गावातल्या सगळ्या सुनांची मनगटे त्यांना तोंडपाठ होती. स्वतःच्या सुनेचे मनगट त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, कारण सासऱ्याने सुनेचा हात धरायचा नसतो. तिने चहा आणला तर ओट्यावर ठेवायचा, त्यांनी तो उचलायचा. एवढे अंतर पाळून त्या हाताने वाटलेला लेप ते रोज जगाला लावत होते.

संध्याकाळी त्यांनी तिला पडवीत बोलावले. "हात दाव." ती डोक्यावरचा पदर सारखा करून तशीच उभी राहिली. त्यांनीच पुढे होऊन हात धरला. काकू, म्हणजे सुभेदारांची बायको, दारात होत्या. त्यांनी तोंड फिरवले. सुभेदारांनी मनगटाला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"सहा आठवडं," ते म्हणाले. "लेप लावतो. पथ्य..."

"माझ्याफुडं लेपाची थेरं नगंत," काकू दारातूनच म्हणाल्या. "बाटलीतली नीळ मीच आणलीया. पथ्य म्हनं! इरळणीला आपल्या घरातनं कोन जानार? माजं गुडघं तर वाकत न्हाईत."

"हात जाईल तिचा."

"माझा दुखत न्हवता व्हय? तुमी फौजेत लोकास्नी कागद वाटत व्हता, तवा हितं कुनी मला बसवलं?"

माझ्या समजुतीप्रमाणे गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता ज्याला नुसती मान हलवून भागण्यासारखे नव्हते.

अडचण पैऱ्याची होती. गल्लीतल्या सहा घरांच्या बागा लहान, एवढ्याशा कामाला मजुरांची टोळी मिळत नाही. म्हणून प्रत्येक घराने एक बाई द्यायची आणि सगळ्यांनी मिळून सहाही बागा क्रमाने उरकायच्या. यालाच पैरा म्हणतात. ज्या घराची बाई येणार नाही, त्या घराच्या बागेत कुणी येणार नाही. द्राक्षाचे मणी वाट पाहत थांबत नाहीत.

सुभेदार माडीवर आले आणि माझ्या खुर्चीत बसले. "मास्तर, गल्लीत खरं सांगून टाकू का? लेप काय करत न्हाई, गुण आरामाचा, हिलाबी आराम द्या म्हनून?"

"सांगा की."

"मग बाकीच्या पोरींचं काय? आत्ता या घडीला हात बांधून बसल्यात त्या? उद्या सकाळी सगळ्यांचं हात पिठात."

पुस्तकांत याचे उत्तर असेल तर ते माझ्या वाचनात आलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पडवीत मिक्सर घरघरला. बाकावरचे पेशंट एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारी म्हणाली, "आवं, तापंल की औषध!" आतून सुभेदारांचा आवाज आला, "ह्यो नवा मिक्सर हाय, तापत न्हाई." मिक्सर काकूंच्या माहेरचा आणि चांगला जुना होता. मग सुनेच्या हाताला सगळ्यांदेखत कामटी आणि पट्टी बांधली गेली, आणि सुभेदार डोक्याला टॉवेल गुंडाळून, सुनेची कात्री घेऊन पैऱ्याला निघाले.

बागेत काय झाले ते मला त्या बायकांकडूनच कळले. गडी माणूस विरळणीला बसलेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि सुभेदार असा तर नाहीच. ते उलट्या क्रेटवर बसले आणि पहिल्या तासात एक अख्खा घड कापून बसले.

"आवं सुभेदार," एक जण म्हणाली, "त्यो घड हाय, दुश्मन न्हाई."

"शहीद झाला," ते म्हणाले आणि घड खाली ठेवला.

"तुमच्या सुनंला बसवून तुमी आलाय, काकूंनी घरातनं काढलं का काय?"

"सुनंला लेप लावलाय. सहा आठवड्यांचा. लय कडक लेप हाय."

"आमाला एकवीसच दिसाचा लावला की!"

"तुमचा साधा. ह्यो उलटला तर..." आणि त्यांनी मान हलवली.

बायकांचा विश्वास बसला नाही. सुभेदार आपल्याच घरी जास्त सूट देतात अशी कुजबूज झाली, आणि संध्याकाळी दोघीतिघी सरळ काकूंकडे गेल्या. काकू ज्वारी निवडत होत्या. मी जिन्यात उभा होतो. त्यांच्या एका शब्दावर सुनेचा हात तर होताच, शिवाय गल्लीतले बांधलेले सगळे हात होते.

"काकू, खरंच का वो सहा आठवडं?"

काकूंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "व्हय," त्या म्हणाल्या. "उलटला तर हात जातो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आणि पुन्हा निवडू लागल्या.

भाकऱ्या त्या दिवसापासून त्यांनी केल्या. गुडघ्यांबद्दल मात्र बोलत राहिल्या, अगदी पूर्वीइतक्याच मोठ्याने.

सुभेदारांचा हात फार हळू चाले. इतर बायका दोन ओळी उरकत तेव्हा त्यांची अर्धी होई. त्या हसत, मग त्यांची उरलेली ओळ आपसांत वाटून घेत. दहाव्या दिवशी त्यांचा अंगठा सुजला. मी म्हणालो, तुम्हीच लोकांना सांगता, आता तुम्हीच थांबा. "पेन्शनरला कोन कागद देतो मास्तर?" ते म्हणाले. "आन् माझा हात आता काय कामाचा हाय? पट्टी गुंडाळण्यापुरता." सहा आठवडे त्यांनी एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या बागेचा शेवटचा घड झाला तेव्हा अंगठा आतल्या बाजूला वाकला होता, आणि तो पुढे तसाच राहिला. शर्टाचे बटण त्यांना लावता येईना. पट्ट्याही मग सूनच बांधू लागली. तिचा हात चांगला झाला होता.

मी पुढच्या उन्हाळ्यात नोकरी संपवून साताऱ्याला आलो. अधूनमधून फोन होत असे. "हात कसा आहे?" मी विचारी. "कुनाचा?" ते विचारत.

तेराव्याला जाणे जमले नाही. नंतर एका दुपारी कराडला गाडी बदलून तासगावला गेलो. काकू आत पडून होत्या. बाक तिथेच होता, रिकामा. सुनेने चहा आणला आणि उभी न राहता माझ्यासमोर बाकावर बसली. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. सुभेदारांच्या शेवटच्या दिवसांबद्दल थोडे बोलणे झाले. मग ती म्हणाली, "तुमाला एक सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगता येत न्हाई."

मी कप खाली ठेवला.

"त्या वर्षी चौथ्या आठवड्यातच माझा हात बरा झाला होता. दुखत न्हवता. मी सांगितलंच न्हाई."

"का?"

"लग्न झाल्यापासनं मी तशी कवा बसलेच न्हवते. तुमी पुस्तकं आणून देत होता. आत्याबाई भाकरी करून ताटात वाढत होत्या. रोज सांजंला मामंजी बागेतनं यायचे आन् विचारायचे, कसं हाय? मी म्हणायची, दुखतोय अजून. त्यांचा अंगठा शेवटच्या पंधरा दिवसांतच वाकला. तवाच थांबले असते तर वाकला नसता."

"त्यांना ते कळलं नसेल," मी म्हणालो.

"कळलं नसंल?" तिने माझ्याकडे पाहिले. "रोज दाबून बघायचे. एकदा मी वरडायचीच इसरले. जोरात दाबलं, तरी गप बसले. मग माझं मला कळलं आन् छातीत धस्स झालं. तर आत्याबाईंकडं वळून म्हणाले, 'सूज हाय अजून. पंधरा दिस तरी लागतील.'"

"आणि सूज?"

"सूज कुठली?"

आतून काकूंनी तिला हाक मारली. "आले," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली.